अँब्रोज बर्नसाइड : फ्रेडरिक्सबर्गच्या पलीकडचा माणूस कसा होता?

प्रश्न : ऋतुगंध

नमस्कार. अमेरिकन यादवी युद्धाविषयी वाचताना अँब्रोज बर्नसाइड हे नाव वारंवार समोर येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते एखाद्या अपयशाला चिकटलेले असते. डिसेंबर १८६२ मधील फ्रेडरिक्सबर्गचा संहार, जानेवारी १८६३ मध्ये व्हर्जिनियाच्या चिखलात रुतून बसलेले सैन्य, जुलै १८६४ मध्ये पीटर्सबर्गसमोर उडवलेला आणि तरीही वाया गेलेला सुरुंग, आणि या सगळ्याच्या जोडीला छायाचित्रांतले त्याचे भरघोस कल्ले. बहुतेक पुस्तकांत त्याची ओळख एवढ्यावर संपते.

पण त्याचा आयुष्यक्रम सलग मांडून पाहिला तर तो या ओळखीत बसत नाही. इंडियाना राज्यातील लिबर्टी गावात २३ मे १८२४ रोजी त्याचा जन्म झाला. शिंप्याच्या हाताखाली उमेदवारी करून त्याने स्वतः शिवणकामाचे दुकान थाटले. वडिलांच्या राजकीय ओळखींमुळे त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जागा मिळाली आणि १८४७ साली तो तोफखान्याचा अधिकारी झाला. मेक्सिकोत तो पोहोचला तेव्हा खरी लढाई आटोपली होती. पुढे न्यू मेक्सिकोत अपाचींशी झालेल्या चकमकीत त्याच्या मानेत बाण लागला. १८५३ साली राजीनामा देऊन त्याने ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल येथे बंदुकांचा कारखाना काढला. तो बुडाल्यावर रेल्वे कंपनीत नोकरी, मग यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात सेनानी, युद्धानंतर तीन वेळा ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर, आणि १८७५ पासून मृत्यूपर्यंत अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य.

जाणकारांनी तीन गोष्टींवर प्रकाश टाकावा ही विनंती. कारखाना बुडाला तो बंदूक वाईट होती म्हणून का? सेनापतिपद आपल्याला पेलणार नाही असे तो स्वतःच सांगत होता, तर त्याने ते शेवटी स्वीकारले कसे? आणि ज्याच्या हाताखाली हजारो माणसे पडली, त्याला त्याच्याच राज्याने इतक्या वेळा का निवडून दिले?

प्रतिसाद : शस्त्रागार

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझा अभ्यास त्या काळातील बंदुकांचा आहे. बंदूक चांगली होती; बुडाला तो धंदा.

बर्नसाइडला तिची गरज का वाटली ते आधी पाहू. नैर्ऋत्येकडील सरहद्दीवर तो घोडेस्वार तुकड्यांबरोबर वावरला होता. ठासणीची बंदूक घोड्यावर बसून भरणे किती अवघड असते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते : नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग गोळी घालायची, मग गजाने ठासायची, आणि हे सारे एका हातात लगाम धरून, हलत्या घोड्यावर. मागच्या बाजूने भरायची बंदूक हा त्यावरचा उघड उपाय होता आणि तो अनेकांना सुचलाही होता. अडचण वेगळीच होती. नळी आणि तिच्यामागचा ठोकळा यांच्यातील सांध्यातून जळता वायू बाहेर फुटे; त्यामुळे गोळीचा जोर कमी होई आणि बार काढणाऱ्याच्या तोंडावर आच येई.

बर्नसाइडचे खरे काम या सांध्यावर आहे. त्याच्या कार्बाइनमध्ये, म्हणजे घोडेस्वारांच्या आखूड बंदुकीत, ट्रिगरभोवतीची कडी तरफेचे काम करी. ती खाली ओढली की नळीमागचा ठोकळा खाली येऊन त्याचे तोंड वर कले. त्या तोंडात पितळेचे काडतूस बसवायचे. हे काडतूस आजच्या काडतुसासारखे सरळ नव्हते, तर शंकूसारखे निमुळते होते. त्याचे अरुंद टोक मागे, आणि गोळी बसवलेले रुंद तोंड पुढे. कडी पुन्हा वर केली की ठोकळा जागेवर येई आणि काडतुसाचे रुंद तोंड नेमके सांध्यावर बसे. बार झाला की स्फोटाच्या दाबाने पातळ पितळ प्रसरण पावून सांधा आपोआप बंद करी. काडतुसात स्वतःचे पेटवण नव्हते. मागच्या टोकाला बारीक छिद्र असे आणि बंदुकीवर बाहेरून बसवलेली स्फोटक टोपी फुटली की तिची ठिणगी त्या छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचे. पितळी काडतुसाचा सांधा बंद करण्यासाठी असा उपयोग करणे ही त्या काळाच्या मानाने फार सूक्ष्म कल्पना होती, आणि मला तिचे आजही कौतुक वाटते.

दोषही होते. बार झाल्यावर रिकामे काडतूस कधी कधी ठोकळ्यातच अडकून बसे आणि लढाईच्या धामधुमीत ते उपसून काढणे स्वारांच्या जिवावर येई. शिवाय एवढे विशिष्ट आकाराचे काडतूस साध्या कागदी काडतुसासारखे छावणीत बसून वळता येत नव्हते. ते कारखान्यातूनच यावे लागे.

१८५६ साली पेटंट मिळाले आणि १८५७ साली वेस्ट पॉइंट येथे झालेल्या चाचणीत या कार्बाइनने इतर १७ नमुन्यांना मागे टाकले. मोठी सरकारी मागणी येणार या भरवशावर बर्नसाइडने कर्ज काढून कारखाना वाढवला. ती मागणी आली नाही. युद्धमंत्री जॉन फ्लॉइड याने एका प्रतिस्पर्धी कारखानदाराकडून पैसे घेऊन ठरलेला सौदा मोडला, असा आरोप बर्नसाइडच्या बाजूने नेहमी केला गेला. एवढे मात्र निश्चित, की त्या वर्षांत सरकारने घेतलेल्या कार्बाइन इतक्या थोड्या होत्या की त्यांवर कारखान्याचे व्याजही भागले नसते. त्यातच कारखान्याला आग लागली. १८५८ मध्ये तो डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसच्या निवडणुकीला उभा राहिला आणि मोठ्या फरकाने हरला. अखेर त्याने पेटंटाचे हक्क घेणेकऱ्यांच्या स्वाधीन केले आणि नोकरी शोधत पश्चिमेकडे निघाला.

पुढे नव्या मालकांनी कंपनी चालू ठेवली. जॉर्ज फॉस्टर याने ठोकळ्याच्या रचनेत चांगली सुधारणा केली आणि युद्ध सुरू होताच सरकारने ५५,००० हून अधिक कार्बाइन मागवल्या. युनियनच्या घोडदळात शार्प्स आणि स्पेन्सर यांच्या खालोखाल हीच कार्बाइन सर्वाधिक वापरली गेली. प्रत्येक बंदुकीवर बर्नसाइडचे नाव होते. नफ्यात मात्र त्याचा वाटा नव्हता. तो रणांगणावर होता आणि त्याच्याच नावाच्या बंदुका घेतलेले स्वार त्याच्यासमोरून जात होते.

प्रतिसाद : पानोपानी

शस्त्रागार यांनी कारखान्याचे इतके चांगले लिहिले आहे की मी तेथूनच पुढे जातो, कारण सेनापतिपदाच्या प्रश्नाचे मूळ त्या दिवाळ्यातच आहे.

कर्जबाजारी झालेल्या बर्नसाइडला हात दिला तो वेस्ट पॉइंटपासूनच्या मित्राने, जॉर्ज मॅक्लेलनने. मॅक्लेलन तेव्हा इलिनॉय सेंट्रल रेल्वेत वरिष्ठ अधिकारी होता. त्याने बर्नसाइडला कंपनीच्या जमीन विभागात रोखपालाची जागा दिली आणि काही वर्षांत बर्नसाइड कंपनीचा खजिनदार झाला. आता १८६२ कडे या. पोटोमॅकच्या सैन्याचे, म्हणजे पूर्वेकडील युनियनच्या मुख्य सैन्याचे, सेनापतिपद मॅक्लेलनकडे आहे, लिंकनचा त्याच्यावरचा विश्वास उडाला आहे आणि लिंकन ते पद बर्नसाइडला देऊ करतो. ज्याने अडचणीच्या काळात आपल्याला अन्नाला लावले त्याची जागा घ्यायची, हा प्रश्न बर्नसाइडसमोर होता. त्याने उन्हाळ्यात एकदा नकार दिला आणि बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर पुन्हा दिला. एवढे मोठे सैन्य हाताळण्याची आपली पात्रता नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. नोव्हेंबर १८६२ मध्ये बर्फ पडत असताना युद्धखात्याचा अधिकारी आज्ञापत्र घेऊनच आला. या वेळी ती विचारणा नव्हती, आज्ञा होती. आणि आपण नाकारले तर पद त्याच सैन्यातील जोसेफ हूकर या सेनानीकडे जाईल, हेही त्याला कळले. हूकरवर त्याचा तिळमात्र विश्वास नव्हता. त्याने पद स्वीकारले ते असे.

लिंकनला तो का हवा होता, हेही समजून घेतले पाहिजे. त्याआधीची बर्नसाइडची कामगिरी खरोखर चांगली होती. १८६१ मध्ये बुल रनच्या पहिल्या लढाईत त्याने ब्रिगेड नेली. पुढच्या जानेवारीत सुमारे १२,००० माणसे जहाजांवर चढवून तो नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर निघाला. जहाजे जुनी आणि हाती लागतील तशी जमवलेली होती. त्यांवर चढायला सैनिक कचरत होते. तेव्हा बर्नसाइडने ताफ्यातील एक सर्वांत लहान बोट, पिकेट, स्वतःसाठी निवडली. हॅटरसच्या खाडीमुखाशी वादळाने ताफा हैराण केला, तरी तो आत शिरला. ८ फेब्रुवारी १८६२ रोजी रोअनोक बेट पडले आणि सुमारे २,५०० कैदी हाती लागले. १४ मार्चला न्यू बर्न पडले, एप्रिलमध्ये फोर्ट मेकन. युनियनला विजयाची नितांत गरज असताना हे घडले. न्यू बर्नमध्ये गुलामगिरीतून सुटून आलेल्या हजारो लोकांना त्याने परत पाठवले नाही. त्यांच्या अन्नाची आणि कामाची व्यवस्था पाहण्यासाठी व्हिन्सेंट कॉलियर यांची नेमणूक केली. त्याच्या चरित्रातील ही बाजू फारच थोडे लोक सांगतात.

आता फ्रेडरिक्सबर्ग. त्याची मूळ योजना वाटते तितकी वेडगळ नव्हती. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचा, सेनापती ली याच्या सैन्याच्या आधी झपाट्याने रॅपहॅनॉक नदीवर पोहोचायचे, तराफ्यांचे पूल टाकून पार व्हायचे आणि दक्षिणेची राजधानी रिचमंडचा रस्ता धरायचा. लिंकनने संमती देतानाच बजावले होते, की हे वेगाने केले तरच साधेल. सैन्याची आघाडी १७ नोव्हेंबरला नदीकाठी पोहोचली, तेव्हा पलीकडे नावापुरते सैन्य होते. पण वॉशिंग्टनमधून येणारे तराफे वेळेत आले नाहीत; ते येईपर्यंत आठवडाभर गेला आणि मग लीचे सारे सैन्य समोरच्या टेकड्यांवर पसरले. इथे बर्नसाइडची खरी चूक सुरू होते. योजनेचा प्राण वेगात होता. वेग गेल्यावर योजना सोडायला हवी होती, आणि त्याने ती धरून ठेवली.

११ डिसेंबरला मिसिसिपीच्या बंदुकधाऱ्यांनी तळघरांतून आणि भिंतींआडून पूल बांधणाऱ्यांवर गोळ्या चालवल्या, तेव्हा युनियनच्या सैनिकांना तराफ्यांतूनच वल्ही मारत पलीकडे जावे लागले. १३ डिसेंबरला मुख्य हल्ला झाला. डाव्या बाजूला आपला सेनानी फ्रँकलिन याला दिलेली आज्ञा इतकी संदिग्ध होती, की त्याने लीचा सेनानी जॅक्सन याच्याविरुद्ध मोजकेच सैन्य पाठवले. मीडच्या डिव्हिजनने फळी फोडलीसुद्धा, पण मागून कुमक आली नाही. उजव्या बाजूला मॅरीज हाइट्स या टेकडीच्या पायथ्याशी खोलगट रस्ता आणि त्याला लागून दगडी भिंत होती. त्या भिंतीमागे कॉन्फेडरेट पायदळ ओळीमागे ओळ करून उभे होते, आणि समोरच्या उघड्या उतारावरून ब्रिगेडमागून ब्रिगेड पाठवली जात राहिली. भिंतीपर्यंत एकही पोहोचली नाही. संध्याकाळपर्यंत युनियनची हानी १२,६०० च्या आसपास गेली. लीची तिच्या निम्म्यापेक्षाही कमी होती. दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या नवव्या कोअरच्या (अनेक डिव्हिजनांच्या सैन्यगटाच्या) अग्रभागी राहून आपण स्वतः हल्ला करणार, असे बर्नसाइड म्हणू लागला आणि सहकाऱ्यांनी त्याला मोठ्या प्रयासाने परावृत्त केले. चार दिवसांनी वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात त्याने अपयशाची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर घेतली. तराफे उशिरा आल्याचा आधार घेऊन सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला नाही. त्या युद्धातील सेनापतींची पत्रे वाचली की असे पत्र किती विरळ आहे हे लक्षात येते.

ऋतुगंध

दोघांचेही मनापासून आभार. तराफ्यांची हकिगत माहीत होती, पण मॅक्लेलनच्या उपकाराचा आणि नकाराचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. मग पीटर्सबर्गच्या सुरुंगाचे काय? तेथे दोष बर्नसाइडचा, की तेव्हा पोटोमॅकच्या सैन्याचा सेनापती असलेल्या मीडचा?

प्रतिसाद : दीपस्तंभ

मी बर्नसाइडकडे थोड्या कठोर नजरेने पाहतो, त्यामुळे वरील प्रतिसादांशी माझी पूर्ण सहमती नाही. तरी सुरुंगाच्या बाबतीत न्याय त्याच्या बाजूला बराचसा आहे, हे आधी मान्य करतो.

१८६४ च्या जूनमध्ये पीटर्सबर्गसमोर दोन्ही सैन्ये खंदकांत अडकली होती. ४८ व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटमध्ये कोळशाच्या खाणींत काम केलेले बरेच सैनिक होते आणि तिचा प्रमुख, लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझंट्स, स्वतः खाण अभियंता होता. शत्रूच्या मोर्चाखाली बोगदा खणून तो उडवून द्यावा, ही कल्पना त्याची. सैन्याच्या अभियंत्यांनी ती हसण्यावारी नेली. एवढ्या लांब बोगद्यात हवा खेळणार नाही, असे त्यांचे मत होते. बर्नसाइडने मात्र परवानगी दिली आणि मोजणीसाठी वरिष्ठांकडून थिओडोलाइट (कोन मोजण्याचे उपकरण) मिळेना, तेव्हा वॉशिंग्टनहून एक जुना मागवून दिला. हवेचा प्रश्न प्लेझंट्सने साध्या युक्तीने सोडवला : बोगद्यातून वर एक धुराडे काढले, त्याच्या तळाशी विस्तव पेटता ठेवला आणि तोंडापासून आतल्या टोकापर्यंत लाकडी नळ टाकला. तापलेली हवा धुराड्यातून वर जाई आणि तिच्या ओढीने ताजी हवा नळातून थेट खणणाऱ्यांपर्यंत येई. असा ५११ फुटांचा बोगदा तयार झाला. त्याच्या टोकाशी आडव्या भुयारांत ८,००० पौंड दारू भरली. बर्नसाइडने १२,००० पौंड मागितली होती.

स्फोटानंतर हल्ला करण्यासाठी बर्नसाइडने फेरेरोच्या हाताखालील कृष्णवर्णीय सैनिकांची डिव्हिजन निवडली. त्याच्या चार डिव्हिजनांपैकी तीच ताज्या दमाची होती आणि खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी पसरून पुढच्या टेकडीकडे जाण्याचा सराव तिने केला होता. हल्ल्याच्या आदल्या दिवशी मीडने तिला आघाडीवर नेण्यास मनाई केली आणि युनियनचा सरसेनापती ग्रँटने मीडचा निर्णय कायम ठेवला. हल्ला फसला तर काळ्या सैनिकांना मुद्दाम मरणाच्या तोंडी दिले असे लोक म्हणतील, ही भीती त्यामागे होती; शिवाय या सैनिकांवर मीडचा भरवसाही नव्हता. पुढे काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देताना ग्रँटने सांगितले, की बर्नसाइडचे ऐकले असते तर हल्ला यशस्वी झाला असता असे आपल्याला वाटते.

इथपर्यंत मी बर्नसाइडच्या बाजूने आहे. पण पुढे काय झाले? उरलेल्या तीन डिव्हिजनांपैकी कोणती पुढे जावी हे सेनापतीने ठरवायचे असते. बर्नसाइडने चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली जेम्स लेडलीची, जो तिघांत सर्वांत कुचकामी होता. ३० जुलैच्या पहाटे वात मध्येच विझली. सार्जंट हॅरी रीस आणि लेफ्टनंट जेकब डाउटी यांनी जीव धोक्यात घालून आत जाऊन ती पुन्हा पेटवली. पावणेपाचच्या सुमारास स्फोट झाला आणि सुमारे १७० फूट लांब, ३० फूट खोल खड्डा पडला. स्वतःच्या खंदकांसमोरचे अडथळे दूर करून वाट मोकळी करावी, ही आज्ञा पाळली गेली नव्हती, त्यामुळे सैनिकांना चिंचोळ्या फटींतून बाहेर पडावे लागले. कसलाही सराव नसलेली ती माणसे खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी खड्ड्यातच उतरली आणि त्याच्या उभ्या भिंतींमुळे तेथेच अडकली. लेडली मागे सुरक्षित आसऱ्यात दारू पीत बसला होता. शेवटी फेरेरोचे सैनिकही त्याच गर्दीत लोटले गेले, आणि शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांपैकी अनेकांना कॉन्फेडरेट सैनिकांनी ठार मारले. युनियनची हानी ३,८०० च्या घरात गेली. लष्करी चौकशीने बर्नसाइडसह काही अधिकाऱ्यांना दोषी धरले. १८६५ मध्ये काँग्रेसच्या समितीने मीडला जबाबदार ठरवले. माझ्या मते बेत बदलण्याचा दोष मीडचा आहे, पण लेडलीला पाठवण्याचा दोष दुसऱ्या कोणावरही ढकलता येत नाही. माणूस प्रांजळ होता म्हणून त्या खड्ड्यातील मृत्यूंचा हिशेब बदलत नाही.

अँटिएटमच्या लढाईतील पुलाचेही तेच. १७ सप्टेंबर १८६२ रोजी जेमतेम ५०० जॉर्जियन सैनिकांनी टेकडीवरून तो अरुंद दगडी पूल सुमारे तीन तास अडवून धरला. ५१ व्या न्यू यॉर्क आणि ५१ व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटने दुपारी एकच्या सुमारास तो घेतला, पण त्यानंतर सैन्य पलीकडे नेऊन पुन्हा मांडण्यात आणखी दोन तास गेले. तेवढ्या अवधीत ए. पी. हिलची कॉन्फेडरेट डिव्हिजन हार्पर्स फेरीहून १७ मैलांची धावपळ करून आली आणि तिने बर्नसाइडच्या उघड्या बगलेवर घाव घातला.

आणखी एक गोष्ट, जी लष्करी नाही म्हणून सहसा सुटते. १८६३ मध्ये ओहायो विभागाचा प्रमुख असताना त्याने अडतिसावी सर्वसाधारण आज्ञा काढली. शत्रूविषयी सहानुभूती व्यक्त करणे हाच तिने गुन्हा ठरवला. त्याखाली त्याने माजी काँग्रेस सदस्य क्लेमेंट व्हॅलँडिगम याला मध्यरात्रीनंतर घरातून उचलून लष्करी न्यायमंडळापुढे उभे केले, आणि जूनमध्ये शिकागो टाइम्स हे वृत्तपत्र सैनिक पाठवून बंद पाडले. लिंकनला वृत्तपत्रावरील बंदी लगेच मागे घ्यावी लागली आणि व्हॅलँडिगमची कैद बदलून त्याला कॉन्फेडरेट हद्दीत धाडावे लागले. भाषण आणि बंड यांतला फरक ज्याला कळला नाही, तो पुढे सिनेटमध्ये बसला, याचा विचार ऋतुगंध यांच्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात व्हायला हवा.

प्रतिसाद : पानोपानी

दीपस्तंभ यांचा लेडलीविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि अडतिसाव्या आज्ञेचे समर्थन मीही करणार नाही. फक्त त्याच १८६३ सालाची दुसरी बाजू नोंदवतो. त्या सप्टेंबरमध्ये त्याने पूर्व टेनेसीत शिरून नॉक्सव्हिल घेतले. तेथील बहुसंख्य लोक युनियननिष्ठ होते आणि त्यांची सुटका व्हावी ही लिंकनची युद्धाच्या आरंभापासूनची इच्छा होती. कॉन्फेडरेट सेनानी लाँगस्ट्रीटने शहराला वेढा घातला आणि २९ नोव्हेंबरच्या पहाटे फोर्ट सँडर्सवर हल्ला केला. किल्ल्यासमोर झाडांच्या बुंध्यांना तारायंत्राच्या तारा ताणून बांधलेल्या होत्या, पुढे खोल खंदक होता आणि लाँगस्ट्रीटच्या माणसांजवळ शिड्या नव्हत्या. सुमारे २० मिनिटांत त्याचे ८०० हून अधिक सैनिक गेले; किल्ल्यातील हानी १३ होती. रोअनोक, न्यू बर्न आणि नॉक्सव्हिल या तिन्ही ठिकाणी सैन्य आटोपशीर होते आणि वरिष्ठ दूर होते. बर्नसाइडची कुवत तेवढ्या आवाक्याची होती, आणि ते त्याने १८६२ मध्येच सांगितले होते. ग्रँटनेही आपल्या आठवणींत जवळपास हेच लिहिले आहे.

प्रतिसाद : अक्षरयात्री

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऱ्होड आयलंडमध्ये शोधावे लागते. हे अगदी लहान राज्य. कापडगिरण्या आणि धातुकाम यांवर जगणारे. बर्नसाइड तेथे १८५२ साली न्यूपोर्टच्या फोर्ट अॅडम्समध्ये नेमणुकीवर आला, प्रॉव्हिडन्सच्या मेरी बिशप हिच्याशी त्याने लग्न केले आणि तो तिथलाच झाला. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू होताच गव्हर्नर विल्यम स्प्रेगने त्याला न्यू यॉर्कला तार केली, की राज्याच्या पहिल्या रेजिमेंटचे नेतृत्व करायला या. तो तत्काळ निघाला. त्या रेजिमेंटचे सैलसर, चुण्यांचे निळे सदरे पुढे त्याच्याच नावाने ओळखले गेले. त्याचा शिंपीकामाचा जुना अनुभव लक्षात घेता मला ही गोष्ट फार गोड वाटते. त्या राज्यातील शेकडो घरांतली मुले त्याच्याबरोबर गेली होती आणि तो त्यांच्यात मिसळून राहत असे. पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेणारा सेनापती त्यांच्या घरच्यांना परका वाटला नाही.

ज्यांना सैनिक, कारखानदार आणि लोकप्रतिनिधी ही तिहेरी कारकीर्द समजून घ्यायची आहे, त्यांनी स्प्रेगकडेही पाहावे. हा ३० वर्षांचा गव्हर्नर ऱ्होड आयलंडमधील सर्वांत मोठ्या कापड उद्योगांपैकी एकाचा वारस होता. बुल रनला तो बर्नसाइडच्या ब्रिगेडबरोबर गेला आणि तेथे त्याचा घोडा गोळ्या लागून पडला. १८६३ पासून तो सिनेटर होता. १८७३ च्या आर्थिक घबराटीत त्याच्या घराण्याचा उद्योग कोसळला, आणि मार्च १८७५ मध्ये त्याची मुदत संपल्यावर त्याच जागेवर बर्नसाइड बसला. त्या काळी सिनेटर लोकांच्या मतांनी नव्हे, तर राज्याच्या विधिमंडळातून निवडला जाई; म्हणजे गिरणीमालक आणि रेल्वेवाले यांचा विश्वास मिळवणे त्याला भाग होते. तोपर्यंत तो तसा विश्वासार्ह झाला होता. युद्धानंतर तो प्रॉव्हिडन्समधील रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचा अध्यक्ष झाला, इंडियानातील रेल्वेमार्गांच्या बांधणीत त्याने पुढाकार घेतला, आणि १८६६ पासून तीन वेळा, दर खेपेस एका वर्षासाठी, गव्हर्नर म्हणून निवडून आला. १८७१ मध्ये माजी सैनिकांच्या देशव्यापी संघटनेचे प्रमुखपद त्याच्याकडे आले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचा तो पहिला अध्यक्ष झाला. युनियनच्या सैनिकांची नेमबाजी कच्ची होती, या अनुभवातून ती संस्था निघाली होती. १८७० मध्ये पॅरिसला प्रशियाचा वेढा पडला असताना तो युरोपात होता आणि बिस्मार्क व फ्रेंच सरकार यांच्यात निरोपांची ने-आण त्याने केली.

सिनेटमधील त्याच्या दोन कामांची मी विशेष नोंद घेईन. १८७८ मध्ये सैन्याच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या संयुक्त समितीचा तो अध्यक्ष होता. वॉशिंग्टनमधील निरनिराळी खाती सरसेनापतीला न विचारता परस्पर कारभार करत. त्यांना त्याच्या अधिकाराखाली आणावे, असा त्याच्या विधेयकाचा रोख होता. तराफ्यांसाठी नदीकाठी ताटकळलेल्या माणसाने ते विधेयक मांडावे, हे मला अगदी समजण्यासारखे वाटते. खात्यांच्या प्रमुखांचे काँग्रेसमध्ये वजन होते. विधेयक १८७९ मध्ये पडले. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत फ्रेंच कालवेकार द लेसेप्सने पनामा कालव्याचा बेत मंजूर करून घेतला, तेव्हा जूनमध्ये बर्नसाइडने सिनेटमध्ये ठराव आणला, की युरोपीय सत्तांनी आपल्या वर्चस्वाखाली त्या संयोगभूमीवर कालवा काढण्याचा प्रयत्न केल्यास अमेरिकेला तो गंभीर चिंतेचा विषय वाटेल. पुढे काही काळ तो परराष्ट्र संबंध समितीचा अध्यक्षही होता.

दीपस्तंभ यांच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच आहे, की व्हॅलँडिगमच्या अटकेमुळे ऱ्होड आयलंडच्या रिपब्लिकन पक्षात त्याचे काहीच बिघडले नाही. त्या पक्षातील अनेकांना ती अटक योग्यच वाटत होती. निवडून येण्याचे कारण सांगायचे तर हे सांगायलाच हवे, मग ते आपल्याला पटो वा न पटो.

१८८० मध्ये विधिमंडळाने त्याला पुन्हा निवडले. १३ सप्टेंबर १८८१ रोजी ब्रिस्टल येथील राहत्या घरी त्याचा अकस्मात मृत्यू झाला आणि प्रॉव्हिडन्सच्या स्वान पॉइंट दफनभूमीत पत्नीशेजारी त्याला पुरण्यात आले. रिकाम्या झालेल्या जागेवर विधिमंडळाने नेल्सन ऑल्ड्रिच यांना पाठवले आणि ते १९११ पर्यंत तेथे होते.